गोव्यात उघड्यावरची शिल्पं पाहिलीत का? कधी, कशी – लिहा इथे

देवळातली, संग्रहालयातली नकोत. ऊन-पाऊस अंगावर घेत पडलेली हवीत. किती वाजता गेलात तेही सांगा, कारण आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

मे महिन्यात, भर बाराला, आम्ही उसगाळीमळला पोचलो. रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठावर जांभ्याचा सपाट कातळ आहे, त्यावर शंभराहून जास्त आकृत्या. आम्हाला एकही दिसेना! सूर्य डोक्यावर, मग खोदलेल्या रेघेत सावली पडणार कुठून? त्यात चपला बाहेर काढलेल्या, तळवे भाजत होते. शेवटी तिथल्या एका आजोबांनी बाटलीतलं पाणी हळूहळू कातळावर सोडलं. ते खाचेत शिरलं, वळलं, वशिंड दिसलं, मग शिंगं. अख्खा बैल उमटला, आणि आम्ही नेमके त्याच्या पाठीवर उभे होतो. मग मोर, नाचणारी बाई, सात वेढ्यांचा चक्रव्यूह. पुरातत्त्ववाल्यांना ही जागा १९९३ साली कळली. आजोबा म्हणाले, "आमी भुरगे आसतना हांगाच गोरवां चरयताले." (आम्ही पोरं असताना इथेच गुरं चारायचो.) पाणी दहा मिनिटांत सुकलं, बैलही गेला.

– मडगावकरीण

ताई, चार वाजल्यानंतर जायचं होतंत. तिरपं ऊन असलं की पाणी लागतच नाही. पावसात मात्र नको, नदी कातळावर चढते आणि मागे गाळ ठेवून जाते.

– सांगेकर

लोटली गावातली मीराबाई कुणी लिहिली नाही अजून? महेंद्र आल्वारिस यांनी १९९४ मध्ये तीस दिवसांत जांभ्यात कोरली, चौदा मीटर बाय पाच मीटर. जवळ गेलात तर नुसता खडबडीत दगड. माझ्या सासूबाई अगदी कडेला उभ्या राहून विचारत होत्या, "अरे, पण मीराबाई कुठाय?" दहा पावलं मागे आणल्यावर गप्प झाल्या आणि हात जोडले. शिल्प नवं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. (तिकीट आहे, खासगी जागा आहे ती. पोरांना शेजारचा दगडातला पाऊलठसाच जास्त आवडला.)

– फोंड्याचा जावई

पणजीजवळच्या दोना पावलाच्या खडकावरची जोडी. दर वेळी कुणीतरी पाहुण्यांना 'जिचं नाव या जागेला आहे ती ही दोना पावला आणि तिचा प्रियकर' असं ठोकून देतं. मीही दिलंय, लग्नाआधी, बायकोला. प्रत्यक्षात ते 'इमेज ऑफ इंडिया', जर्मन शिल्पकार इर्सा फॉन लाइस्टनर यांचं, १९६९ चं. एक पूर्वेला बघतो, एक पश्चिमेला. बायकोला परवा खरं सांगितलं. म्हणाली, तोंडं दोन दिशांना बघूनच मला तेव्हा शंका आली होती.

– पणजीतला एक

सांगेकर, चार म्हणजे डिसेंबरातले की मेमधले? दिवाळीनंतर परत जायचंय. बाटली घेऊनच जाईन म्हणते.

– मडगावकरीण