मदत हवी आहे: रेझिन-खडीचा ड्राइव्हवे घरीच घालायचाय, खालचा जुना कोबा ठेवू की फोडू?

मंडळी, बोरिवली पश्चिमेला आमचं जुनं बैठं घर आहे. गेटपासून पोर्चपर्यंत अकरा फूट रुंद, तीस फूट लांब असा कोबा आहे. त्याला जागोजागी भेगा गेल्यात आणि पावसाळ्यात मधोमध पाणी साचून शेवाळं धरतं. गाडी एकच, तीही छोटी. पेव्हर ब्लॉक मला नकोत, दोन पावसाळ्यांत खचतात आणि मग चालताना टकाटक वाजतात. वडिलांचा हट्ट शहाबादीचा आहे, त्यावर घरात रोज चर्चासत्र.

बहीण इंग्लंडात असते. तिच्या भागात घरोघरी रेझिनमध्ये (म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात) बारीक खडी कालवून थापीने पसरलेले ड्राइव्हवे आहेत आणि कितीतरी जण ते स्वतःच घालतात. तिकडे त्याला कारणही आहे. घरापुढच्या ५ चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर पाणी न मुरणारा थर घालून ते पाणी रस्त्यावर सोडायचं असेल, तर २००८ पासून इंग्लंडात परवानगी लागते. पाणी मुरणारा थर असेल तर लागत नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडलेला २००५ चा पाऊस ज्याने पाहिलाय, त्याला मुरण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आतापर्यंत जे समजलंय ते असं. यात दोन प्रकार आहेत. एकात आधी रेझिन पसरून वर खडी भुरभुरतात. तो थर पातळ असतो, पाणी मुरत नाही आणि सुटी खडी निघत राहते. मला हवाय दुसरा: खडी, थोडी वाळू आणि दोन भागांचं (मूळ रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर) पॉलियुरेथेन रेझिन मिक्सरमध्ये घोटायचं आणि १५ ते १८ मिमी जाडीचा थर द्यायचा. शंभर किलो मालाला सात-साडेसात किलो रेझिन लागतं. म्हणजे माझ्या तीस चौरस मीटरला टनभर खडी आणि साठ-सत्तर किलो रेझिन. एका घाण्यात साडेतीन-चार चौरस मीटर होतात, आणि पहिल्या घाण्याची कड ओली आहे तोवर पुढचा घाणा तिथे पोचला पाहिजे, नाहीतर सांधा दिसतो.

इथपर्यंत ठीक. अडचण पाण्याची आहे. हा थर पाणी मुरवतो म्हणून घालायचा, पण घालताना त्याला पाण्याचा थेंब चालत नाही. ओलावा लागला की हार्डनरची पाण्याशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, रेझिन फसफसतं आणि पांढरं पडतं. तिकडे भट्टीत वाळवलेली खडी गोणीतून मिळते. आपल्याकडे ट्रकमधून येते ती ओली, वर क्रशरची भुकटी माखलेली. मी एक पाटी धुऊन गच्चीवर पसरली होती. दुपारी वरची खडी कोरडी ठणठणीत होती, पण हात आत घातला तर बोटांना राखाडी चिखल. जलशुद्धीकरणाच्या टाक्यांत घालतात तो क्वार्ट्झ २ ते ५ मिमीमध्ये चाळलेला, धुतलेला, गोणीत मिळतो. कुणी वापरलाय का यासाठी? नर्सरीतले चकचकीत गोटे मी बाद केलेत, पॉलिशवर रेझिन धरणार नाही.

आता मुख्य प्रश्न. वरून मुरलेलं पाणी खाली कोब्यावरच येणार ना? कोबा काही ते पिणार नाही. मग ते थराच्या पोटात राहणार किंवा ढाळ असेल तिकडे जाणार. माझ्या कोब्याला ढाळ असा नाहीच, मधे खोलगट आहे. शिवाय खालून ओल येते. रात्री प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून ठेवला होता. सकाळी उचलला तर आतून थेंब धरलेले आणि खालचा कोबा काळपट. यावर प्रायमर मारला तरी तो किती दिवस धरेल?

एक मार्ग म्हणजे कोबा ठेवून खोलगट जागी नवा मसाला भरून गेटाकडे साठास एक ढाळ काढायचा, कडेला चर आणि जाळी करायची, भेगांच्या जागी वरच्या थरातही सांधा ठेवायचा. दुसरा, सगळा फोडून खाली खडी दाबून वाळू न घातलेलं सच्छिद्र काँक्रीट टाकायचं, म्हणजे पाणी खरंच जमिनीत जाईल. तिकडे खाली भोकाभोकांचं डांबर घालतात, पण एवढ्याशा कामाला इथे डांबराची गाडी कोण आणणार! मिस्त्री म्हणतो फोडू नका, त्यावरच ओता. तो मिस्त्री गिलाव्यात उत्तम आहे, पण रेझिन त्यानेही पहिल्यांदाच ऐकलंय. माझा कल फोडण्याकडे आहे. नवं काँक्रीट २८ दिवस मुरायला हवं, म्हणजे आत्ता फोडलं तर डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा साधते. दव वाळल्यावर, दहाच्या पुढे काम सुरू करायचं. पण कालवलेलं रेझिन घट्ट व्हायच्या आत पसरायला तिकडे २० अंशांत पंधरा-वीस मिनिटं मिळतात, आपल्याकडे तिशीच्या वर किती मिळतील?

रेझिनबद्दलही सांगा. नागदेवी स्ट्रीटला विचारलं तर दुकानदार इपॉक्सी पुढे करतो, स्वस्त आणि लगेच मिळणारं. पण इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, आणि साध्या अ‍ॅरोमॅटिक पॉलियुरेथेनचंही तेच. मला उन्हाला टिकणारं अ‍ॅलिफॅटिक हवंय. पाच-दहा किलोंच्या डब्यांत कुठे मिळेल? की काळी बेसाल्ट खडी घेऊन पिवळेपणाचा प्रश्नच मिटवू? पण मे महिन्यात अनवाणी पाऊल टाकवणार नाही.

भर: खाली दोघांनी विचारलंय म्हणून. हो, पोर्चची पायरी थरापेक्षा पाच इंच वर आहे, पाणी घरात येणार नाही. हो, हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा श्वासाला आणि त्वचेला त्रास होतो, ते माहीत आहे. काडतुसाचा मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे आणलेत, आणि वडिलांना दमा असल्याने त्या दिवशी ते काकांकडे. ड्रिलच्या पॅडलने बादलीत कालवा असं सुचवणाऱ्यांना: वीस-पंचवीस किलोच्या घाण्याला ठीक, पण तीस चौरस मीटरमध्ये दर घाण्याची छटा बदलेल असं वाटतं. गोल फिरणाऱ्या साध्या मिक्सरच्या भिंतीला माल चिकटून कोरडा राहतो म्हणतात, म्हणून पॅन मिक्सर (उभ्या पातेल्यात पाती फिरवून घोटणारा) हवा. बोरिवली ते ठाणे पट्ट्यात एका दिवसाच्या भाड्याने कोण देतं, ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलं तरी चालेल.