कॅनडा पीआरसाठी एजंट पावणेदोन लाख मागतोय, द्यावे का?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा. जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, नऊ वर्षं झाली. वय 33, मेकॅनिकल बी.ई. बायको 30 वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग, जळगावातच एका खासगी दवाखान्यात सहा वर्षांपासून आयसीयूला. मुलगी चार वर्षांची.

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीसाठी, नाशिकला एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो. 1 लाख 75 हजार सांगितले, तीन हप्त्यांत. पहिला 60 हजारांचा, करारावर सही करताना. 10 हजार नोंदणीचे म्हणून त्याच दिवशी घेतले, पावती साध्या छापील वहीतली. आयल्ट्सला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, मला ऐकण्यात 7, वाचनात 6.5, लेखनात 6 आणि बोलण्यात 6.5 आहेत. ते म्हणाले, चालतील. कमी पडलेच तर तिकडच्या कंपनीचं जॉब ऑफर लेटर लावू, 50 गुण वाढतात. खात्यात दाखवायला पैसे नसतील तर तेही पंधरा दिवस टाकून देतो म्हणाले. दहा महिन्यांत काम होणार याची लेखी गॅरंटी. ईमेल आणि पासवर्ड तेच काढणार. मूळ मार्कशीट ठेवून घेतल्या आहेत, पासपोर्ट मी अजून दिलेला नाही.

हे पैसे नाना देणार आहेत, म्हणजे वडील. पुढच्या खोलीत कापूस आढ्याला लागलाय, अजून विकलेला नाही. मुलगी दिवसभर त्यावर खेळते आणि नाना रात्रभर खोकतात. तो विकून पहिला हप्ता भरायचा असं ठरलंय. नाना एका शब्दाने नाही म्हणत नाहीत, म्हणूनच मला झोप लागत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, एजंट लावावा का?

फैजपूरची_लेक

भाऊ, पहिली गोष्ट, नानांना सांगा कापूस भाव बघून विका, एजंटच्या तारखेसाठी विकू नका. आता सविस्तर लिहिते, कारण मी या खड्ड्यात पडून वर आलेली आहे.

तुम्हाला त्याने जे सांगितलं त्यातली जॉब ऑफरची गोष्ट आधी. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुण लावून पीआरसाठी माणसं निवडण्याच्या कॅनडाच्या पद्धतीत, जॉब ऑफरचे 50 गुण मिळायचे हे खरं, पण कॅनडा सरकारने ते 25 मार्च 2025 पासून काढून टाकले. त्यांनी ते काढले तेच मुळी अशी पत्रं विकत मिळायला लागली होती म्हणून. म्हणजे तुमचा माणूस एक तर नियम वाचत नाही, नाहीतर तुम्ही वाचत नाही असं धरून चाललाय. खात्यात पंधरा दिवस पैसे टाकण्याचंही तसंच. तिघांच्या कुटुंबाला जुलै 2025 च्या आकड्यानुसार 23,360 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, ते उसने चालत नाहीत, आणि बँकेच्या पत्रात मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लिहून मागतात. खोटं सापडलं तर पाच वर्षांची बंदी. ती एजंटवर येत नाही, तुमच्यावर आणि तुमच्या पासपोर्टवर येते.

आता गुण. तुमचे मी कागदावर मांडले. जोडीदारासह अर्ज धरून वयाचे 80, डिग्रीचे 112, इंग्रजीचे 76, शिक्षण आणि अनुभव भाषेशी जुळवून मिळणारे 13 आणि 25. झाले 306. वहिनींच्या डिग्रीचे 8 धरले तर 314. ठराविक गुणांच्या वरच्यांना फेऱ्या काढून अर्जासाठी बोलावतात, आणि 2024 मध्ये सर्वसाधारण फेऱ्या 524 च्या खाली उतरल्या नाहीत. हे अंतर कोणताही एजंट भरून काढू शकत नाही. हा हिशोब सरकारी संकेतस्थळावर फुकट होतो, अर्धा तास लागतो, प्रोफाइल उघडायलाही एक पैसा लागत नाही. त्याने तुम्हाला हा आकडा सांगितला का? नसेल सांगितला तर का नाही, हे त्याला जरूर विचारा.

माझं सांगते. 2018 ला मी नाशिकला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते, एम.एस्सी., लग्न झालेलं नव्हतं. एजंटला 90 हजार दिले, त्यातले 12 हजार फक्त 'वेस'चे, म्हणजे डिग्री तपासून घेण्याचे. आणि त्या 12 हजारांत त्याने काय केलं? मला फॉर्मची प्रिंट दिली. फैजपूरहून एसटीने जळगाव, तिथून बांभोरीला उमवित, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, मीच गेले, तीन वेळा. परीक्षा विभागात मार्कशीटच्या झेरॉक्स, फॉर्म, चलन. शेवटी वेसला पाठवायचं पाकीट मिळालं तेव्हा तिथल्या मॅडमनी झाकण चिकटवून त्यावर असा शिक्का मारला की अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर. म्हणाल्या, हे आता घरी पण उघडायचं नाही गं. कुरिअरही मीच केलं. म्हणजे जे खरं अवघड काम होतं ते एजंट असूनही माझ्याच वाट्याला आलं. विद्यापीठ, कंपनी, बँक, पोलीस, या चारही ठिकाणी अर्जदारालाच जावं लागतं. उरतं ते फॉर्म भरणं, आणि तुम्ही रोज कारखान्यात टेस्ट रिपोर्ट भरता ना, त्यापेक्षा ते कठीण नाही.

2019 च्या मे महिन्यात माझे 469 गुण होते, बोलावणं आलं. त्यानंतर 60 दिवसांत सगळे कागद चढवायचे असतात. मी दर चार दिवसांनी फोन करायचे, तो म्हणायचा, ताई, चालू आहे. छप्पन्नाव्या दिवशी त्याने माझ्या कंपनीचं पत्र लावलं. दोन ओळींचं: 'कुमारी अमुक या आमच्याकडे अमुक तारखेपासून कार्यरत असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे.' आपल्याकडे सगळ्या कंपन्या असंच पत्र देतात. कॅनडाला मात्र त्या पत्रात पद, प्रत्यक्ष करत असलेली कामं, आठवड्याचे तास आणि पगार असं सगळं लागतं. अनुभव सिद्ध होत नाही म्हणून 2020 च्या जानेवारीत अर्ज नामंजूर झाला. आणि मला ते कळलं फेब्रुवारीत! ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा. बाबांना काय सांगू या विचाराने मी दोन दिवस रूमवरून घरी फोनच केला नाही.

नंतर खातं हातात आलं तेव्हा आणखी एक दिसलं. पैसे घेऊन दुसऱ्याची फाइल चालवणाऱ्याचं नाव 5476 नंबरच्या फॉर्मवर द्यावं लागतं. माझ्या फाइलमध्ये तो फॉर्मच नव्हता. कॅनडाच्या लेखी मी सगळं स्वतः केलेलं होतं, तो माणूस कागदावर कुठेच नव्हता. चूक त्याची असली तरी ती माझ्याच नावावर राहिली.

बाबांना शेवटी सांगितलं. ते केळीच्या बागेतून आले होते, हातपाय धूत होते. रागावले नाहीत. लेवा माणूस, पैशाचा हिशोब पै-पैचा ठेवणारा, पण एवढंच म्हणाले, आता तुझे कागद तू सांभाळ.

तेव्हापासून सगळं माझ्या हाताने. वेसचा रिपोर्ट पाच वर्षं चालतो, तो शिल्लक होता, पण त्याचाही पासवर्ड सोडायला त्याने महिना लावला. दरम्यान मी 31 ची झाले, वयाचे 11 गुण गेले, 458 राहिले. पुन्हा आयल्ट्स दिली, चारही भागांत एकेक पायरी वर गेले, 12 मिळाले, 470. कंपनीतली माझी कामं मीच एका पानावर लिहून काढली आणि एचआरकडे तीन चकरा मारून लेटरहेडवर सही घेतली. 25 नोव्हेंबर 2020 ची फेरी 469 ला थांबली. एका गुणाने वाचले. डिसेंबरनंतर बाहेरच्या देशांतून थेट येणाऱ्यांच्या फेऱ्या जुलै 2022 पर्यंत बंदच होत्या. ते 12 गुण नसते तर मी आज कॅनडात, विनिपेगमध्ये नसते.

आता तुमच्या घरातली खरी गोष्ट, जी त्या एजंटने विचारलीच नाही. वहिनी! त्या तीस वर्षांच्या आहेत, नर्स आहेत, सहा वर्षांचा अनुभव आहे. मुख्य अर्जदार त्यांना करा. आयल्ट्समध्ये ऐकण्यात 8 आणि बाकी तिन्हींत 7 आणले तर त्यांचे गुण तुमच्या डिग्रीसह आणि आत्ताच्या इंग्रजीसह 418 पर्यंत जातात. 2023 पासून आरोग्य क्षेत्रासाठी वेगळ्या फेऱ्या निघतात. फेब्रुवारी 2024 ची अशी फेरी 422 ला थांबली होती. त्यानंतर आकडा चढलाय, त्यामुळे आज 418 लाही लगेच बोलावणं येईल असं मी म्हणणार नाही. पण एखाद्या प्रांताने नामांकन दिलं तर 600 गुण मिळतात, आणि नर्सेस प्रांतांना हव्या असतात. तुमच्या 314 पेक्षा ही वाट कितीतरी जवळची. तिकडे नर्स म्हणून नोकरी करायला त्या प्रांताची नोंदणी वेगळी लागते, त्याचा अभ्यास आत्तापासून करा.

वहिनींचा पगार बँकेत येतो का रोख, हे आजच बघा. रोख असेल तर उद्यापासून बँकेत घ्यायला सांगा. आणि मार्कशीट परत आणा. अर्ज पूर्ण ऑनलाइन असतो, स्कॅन चालतं, मूळ कागद कुणाकडे ठेवायची गरजच नसते.

पांझराकाठ

धुळ्यात वकिली करतो, थोडक्यात लिहितो. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, कोणत्याही खासगी ऑफिसला तो अडकवून ठेवता येत नाही, त्यामुळे दिला नाही हे उत्तम केलं. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि अशा नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून 30 हजार आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. जॉब लेटर देतो म्हणणाऱ्याला हा नोंदणी क्रमांक तोंडावर विचारा.

10 हजारांसाठी आधी लेखी पत्र द्या, रजिस्टर पोस्टाने. त्यांनी काय काय कबूल केलं ते त्यात तारखेसह लिहा. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नका. पैसे परत आले नाहीत तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची. तुम्ही जळगावला राहत असाल तर नाशिकला खेटे घालायची गरज नाही, 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा चालतो.

शहादेकर

ताईंचं सगळं पटलं, फक्त एक बाजू मांडतो. मी पैसे देऊन माणूस लावला आणि मला त्याचा उपयोग झाला. माझा आधी एकदा इंग्लंडचा व्हिसा नाकारलेला होता, आणि कागदांवर नावांचा घोळ होता. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, शाळेच्या दाखल्यावर आजोबांनी लावलेलं गावाचं नाव. आईचं नाव तर तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. अशा फाइलला जाणकार माणूस लागतोच.

पण तो कॅनडाचा परवानाधारक होता. पैसे घेऊन हे काम करायची परवानगी फक्त तिथल्या वकील संघटनांच्या सदस्यांना, क्युबेकच्या नोटरींना आणि तिथल्या इमिग्रेशन कन्सल्टंट्सच्या कॉलेजच्या सदस्यांना आहे. त्या कॉलेजची यादी उघडी आहे, नाव टाकलं की परवाना चालू आहे का बंद ते दिसतं. मी नाव यादीत बघितलं, मग यादीतल्याच फोनवर फोन करून खात्री केली की बोलणारा माणूस तोच आहे. कारण दुसऱ्याचा नंबर स्वतःच्या बोर्डावर छापणारेही आहेत. 5476 वर त्याची सही होती. प्रत्येक पत्राची प्रत त्याच दिवशी मला यायची. पहिल्याच बैठकीत त्याने सांगितलं, गॅरंटी देणार नाही, द्यायला मला बंदी आहे.

बोरीकाठ भाऊ, तुमचा घोळ माझ्यासारखा नाही. तुमचे गुण कमी आहेत, एवढंच.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार, आज नऊ दिवसांनी लिहितोय. शनिवारी नाशिकला गेलो. यादीत त्यांच्यातल्या कुणाचंच नाव नव्हतं. नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाले, आमचे मोठे सर दिल्लीला असतात. मार्कशीट मिळाल्या, एक-एक मोजून घेतली. सहाव्या सेमिस्टरची कमी होती, ती सापडेपर्यंत तिथेच बसून राहिलो. 10 हजार दिले नाहीत. वकीलसाहेब, पत्र काल टाकलं, पोच जपून ठेवली आहे.

घरी येऊन नानांना सगळं वाचून दाखवलं, फैजपूरच्या ताईंचं दोनदा. 'कागद तू सांभाळ' इथे आलो तेव्हा नाना अहिराणीत म्हणाले, "बराबर शे." कापूस अजून खोलीतच आहे. मुलीचं अंथरूण मात्र दुसऱ्या खोलीत हलवलं.

बायकोला मुख्य अर्जदार करायचं ठरलं. तिला आधी पटेना, म्हणाली मी मराठी माध्यमाची. पण परवा नाइट ड्युटीवरून आली आणि न झोपता मोबाइलवर आयल्ट्सचं ऐकण्याचं एक पेपर सोडवून बसली. 40 पैकी 27. पगार बँकेतच येतो, पाहून घेतलं. दवाखान्याने मात्र तेच दोन ओळींचं पत्र देऊ केलंय.

ताई, एक विचारायचं होतं. गुरुवारी माझी सुट्टी आहे, पाकिटासाठी तिचे कागद घेऊन बांभोरीला जाऊ का?

फैजपूरची_लेक

थांबा, बांभोरीला फक्त तुमचे कागद न्या. वहिनींची डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असणार, डिग्रीवर वरचं नाव वाचा. त्यांचं पाकीट तिथूनच निघेल. आधी वेसचा अर्ज भरून त्याचा क्रमांक घ्या, तो पाकिटावर लागतो. खातं वहिनींच्याच ईमेलने उघडा.

पत्राचं असं करा. आयसीयूत त्या काय काय करतात ते त्यांनाच लिहू द्या, व्हेंटिलेटर, औषधांचे डोस, नोंदी, नवीन मुलींना शिकवणं, सगळं. ते पान मेट्रन मॅडमना आधी दाखवा, एचआरकडे नंतर. मेट्रनला कळतं ती मुलगी काय काम करते. आणि 27 म्हणजे ऐकण्यात साडेसहा. आठ हवे असतील तर 35 बरोबर यायला लागतात, आठ वाढवायचे आहेत. मला मेसेज करा, माझ्या वह्या फैजपूरला माळ्यावर आहेत, भावाला सांगून जळगावला पोचवते.