मदत हवी आहे: वाचनालयात नुसतं बसायला येणाऱ्यांसाठी जागा कशी करू?

नमस्कार. मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. या सत्राचा प्रकल्प सार्वजनिक वाचनालयाचा. प्लॅन बसलाय, पण ज्यूरीत (परीक्षकांसमोरच्या सादरीकरणात) एका प्रश्नावर अडकले: पुस्तक न वाचणारा माणूस इथे का थांबेल?

ब्राझीलच्या साओ पावलोमधलं, वास्तुविशारद लीना बो बार्दी यांचं एसईएससी पोंपेया हे सांस्कृतिक केंद्र मी फोटो-नकाशांत पुन्हा पुन्हा बघते. पिंपांचा जुना कारखाना न पाडता त्यात नाट्यगृह, कार्यशाळा, वाचनाच्या जागा केल्या, आणि मोठ्या दालनात फरशीतून वळत जाणारं पाणी! काहीही न करता बसलेला माणूसही तिथला वाटतो, हे मला फार आवडतं.

माझा मधला चौक ९ बाय १२ मीटरचा आहे. मुलांचा विभाग त्याला लागून ठेवला की जाग येते, पण अभ्यासिकेत आवाज जातो. मध्ये पुस्तकांची कपाटं पुरतील, की अभ्यासिका अर्धा मजला वर उचलू? बसायच्या पायऱ्या ४५ सेंटीमीटरच्या आहेत, चढायच्या शेजारी १५ च्या. पण व्हीलचेअरवरच्या माणसाला कडेला नव्हे, त्याच घोळक्यात जागा मिळायला हवी. ते काही केल्या सुटत नाहीये. असं काम कुणी केलं असेल तर सेक्शनचं (इमारतीच्या उभ्या छेदाचं) स्केच दाखवाल का?