मुतखड्याचा तक्ता: एकूण टक्केवारी धरायची की गटवार?

काठावरचा:
सिम्पसन विरोधाभास (प्रत्येक गटात एक पुढे, पण बेरजेत दुसरा पुढे) शिकवताना हमखास येणारा मुतखड्याच्या शस्त्रक्रियांचा तक्ता, ब्रिटिश मेडिकल जर्नल, 1986. यश म्हणजे तीन महिन्यांनी खडा पूर्ण गेलेला किंवा 2 मिमीहून लहान उरलेला.

एकूण: ओपन सर्जरी (मोठा छेद देऊन) 350 पैकी 273 (78%), पीसीएनएल (पाठीतल्या लहान छिद्रातून दुर्बिणीने) 350 पैकी 289 (83%)
2 सेंमीहून लहान खडे: ओपन 87 पैकी 81 (93%), पीसीएनएल 270 पैकी 234 (87%)
मोठे खडे: ओपन 263 पैकी 192 (73%), पीसीएनएल 80 पैकी 55 (69%)

दोन्ही गटांत ओपन पुढे, बेरजेत मात्र मागे. हे कसं होतं ते कळलं. पण निष्कर्ष काढताना कोणता आकडा धरायचा, हे कशावरून ठरवायचं? आणि उद्या वय, मधुमेह, रक्तस्राव असे रकाने हाती आले तर प्रत्येकानुसार गट पाडत जायचं का?

भारित:
इथे गटवार. खड्याचा आकार दोन्ही बाजूंना हात घालतो: मोठा खडा असला की ओपन केली जाण्याची शक्यता जास्त (ओपनमधले 75% खडे मोठे, पीसीएनएलमध्ये फक्त 23%), आणि मोठा खडा कुठल्याही पद्धतीने निघायला अवघडच. म्हणजे ओपनच्या वाट्याला मुळातच कठीण रुग्ण आले.

नुसतं "गटवार बघा" म्हणून थांबू नका, दुरुस्त आकडा काढा. 700 रुग्णांत लहान खडे 357, मोठे 343. सगळ्यांची ओपन झाली असती तर: 0.931 × 357 + 0.730 × 343 = सुमारे 583, म्हणजे 83%. सगळ्यांची पीसीएनएल झाली असती तर: 0.867 × 357 + 0.6875 × 343 = सुमारे 545, म्हणजे 78%. आकड्यांची चक्क अदलाबदल झाली.

आता जी गोष्ट बहुतेक जण गाळतात ती. या 5 टक्क्यांच्या फरकाचं 95% विश्वासांतर, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो, साधारण −1 ते +12 येतं; त्यात शून्यही बसतं. तेव्हा "ओपनच सरस" असंही या तक्त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पीसीएनएलची आघाडी आकारामुळे दिसत होती, एवढंच म्हणता येतं.

उलटा_बाण:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, सरसकट गट पाडू नका. प्रत्येक रकान्याला आधी विचारा, हे उपचार ठरण्याच्या आधीचं की नंतरचं? आकार, वय, मधुमेह आधीचे. रक्तस्राव शस्त्रक्रियेचाच परिणाम, त्यानुसार गट पाडले तर जो फरक मोजायचा तोच पुसला जातो.

कधी कधी तर खोटाच संबंध तयार होतो. कमी वजनाची बाळं तेवढी वेगळी काढली तर धूम्रपान करणाऱ्या आयांच्या बाळांचा मृत्युदर कमी दिसतो! कारण त्या गटात इतर आयांची बाळं पोहोचतात ती बऱ्याचदा जन्मजात दोषासारख्या जास्त घातक कारणाने. धूम्रपानाने बाळाला संरक्षण मिळत नाही, गट चुकीच्या जागी पाडलेला असतो. हे आकडे आपणहून सांगत नाहीत. कशामुळे काय होतं याचे बाण आधी कागदावर काढावे लागतात.

काठावरचा:
मग आकाराची दुरुस्ती केली की हा तक्ता निर्धोक झाला का? जो घटक मोजलाच नाही, त्याचा सुगावा कसा लावायचा?

भारित:
निर्धोक नाही. यातल्या ओपन शस्त्रक्रिया 1972 ते 1980 मधल्या, पीसीएनएल 1980 ते 1985 मधल्या. तपासण्या, भूल, रुग्णांची निवड यांपैकी काय बदललं ते पद्धतीपासून सुटं करता येत नाही. दोन्ही पद्धती एकाच काळात झालेल्याच नसतील तर रिग्रेशनमध्ये (अनेक घटक एकत्र धरून दुरुस्ती करणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत) वर्ष घालूनही उपयोग नाही, मॉडेल नुसता अंदाज ताणत राहतं.

न मोजलेल्या घटकासाठी चांगली युक्ती म्हणजे जिथे परिणाम असूच शकत नाही तिथे शोधून बघणं. वॉशिंग्टन राज्यातल्या 65 वर्षांवरच्या लोकांच्या 2006 च्या अभ्यासात फ्लूची लस घेतलेल्यांचा मृत्यूचा सापेक्ष धोका, म्हणजे न घेतलेल्यांच्या धोक्याच्या किती पट तो, साथीच्या काळात 0.56 होता. पण साथ सुरू होण्यापूर्वीच तो 0.39 होता! फ्लू नसताना लस मृत्यू टाळणार कशी? जे आधीच खंगलेले, अंथरुणाला खिळलेले होते ते लस घ्यायला कमी आले, आणि मृत्यू त्यांच्यातच जास्त झाले. लस निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. 0.56 मधला किती भाग लसीचा, ते त्या तुलनेतून वेगळं काढता येत नाही, इतकंच.

तुमच्या विदेत (डेटात) असा "परिणाम अशक्य" असलेला काळ किंवा आजार सापडला, तर मुख्य विश्लेषणाच्या आधी तोच तपासा.