आत्या-काकांना एका दिवसात पणजी आणि जुनं गोवा दाखवायचंय, कसं बसवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी म्हापशाला राहते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्याहून माझी आत्या आणि काका येतायत, सोमवारी सकाळी पोचतील आणि मंगळवारी संध्याकाळी करमळीहून कोंकणकन्येने पुढे मुंबईला मुलीकडे जाणार. सोमवार आराम करण्यात जाईल, म्हणजे फिरायला खरा एकच दिवस मिळतो. बीच, क्रूझ, कॅसिनो यातलं त्यांना काहीही नकोय, समुद्र त्यांनी रत्नागिरीला पोटभर पाहिलाय. आत्याने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि फोनवर तिने एकच सांगितलंय की मला गाव दाखव, नुसते फोटो काढायच्या जागा नकोत. त्यामुळे मला हा दिवस मनापासून चांगला करायचाय.

माझ्या डोक्यात असं आहे. जुनं गोवा साथींमुळे ओस पडत गेलं आणि १८४३ साली राजधानी पणजीला आली, हे तिला चालता चालता कळावं. आणि त्यासाठी एक धागाही सापडलाय. पणजीच्या मोठ्या चर्चमधली ती प्रचंड घंटा मुळात जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, तो मठ बंद झाल्यावर ती आग्वाद किल्ल्याच्या दीपस्तंभावर गेली आणि तिथून १८७१ मध्ये पणजीला आली. म्हणजे सकाळी घंटा बघायची आणि दुपारी ती जिथून आली तो पडका मनोरा बघायचा. त्याच मठाच्या अवशेषांत जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या, डीएनए तपासून ओळख पटली आणि २०२१ मध्ये भारताने त्या जॉर्जियाला दिल्या. हे आत्याला तिथे उभं राहून सांगायचंय मला. खरं तर आधी जुनं गोवा नि मग पणजी हा क्रम बरोबर, पण करमळी स्टेशन जुन्या गोव्याच्या अगदी जवळ असल्यामुळे उलटा क्रम घ्यावा लागतोय.

आता अडचणी. आत्याचे गुडघे दुखतात, जिने नको. चर्चच्या त्या पांढऱ्या नागमोडी पायऱ्या तिला जमणार नाहीत, मग खालून, गार्सिया द ओर्ता बागेतून बघितलं तर चालेल का, की वरती गाडीने जायची काही सोय आहे? फोंतेन्यास, म्हणजे पणजीतली जुन्या पोर्तुगीज घरांची वस्ती, मात्र पायीच बघायला हवी, नाहीतर काही अर्थ नाही. तिथल्या गल्ल्यांत सकाळी लवकर गेलं की उन्हाचा त्रास नाही आणि गर्दीही नसते. सान सेबास्तियनच्या छोट्या चॅपेलमधला क्रूस मूळचा इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, हे ऐकून आत्या तिथे जायला हटूनच बसलीये. सकाळी ते चॅपेल उघडं मिळतं का कोणाला माहितीये?

दुसरं म्हणजे फेरीबोट. म्हापशाहून पुलावरून पटकन पणजी येते हे मान्य, पण बेतीहून फेरीने मांडवी ओलांडून पणजीत पाय ठेवण्यात जी मजा आहे ती पुलावर नाही. समोर आदिलशहाचा राजवाडा, म्हणजे जुनं सचिवालय, हळूहळू मोठं होत येतं, बोट धक्क्याला लागायच्या आधीच सगळे स्कूटरवाले इंजिन चालू करून बसतात, लोखंडी फळी धाडकन खाली पडते आणि सगळे एकदम सुटतात. काकांना हे फार आवडेल. पण गाडी फेरीत घालावी का, आणि सामान? पणजीत पार्किंगची काय बोंब आहे ते तुम्हाला माहितीच आहे.

खाण्याचं सांगते. काकांना मासे हवेत, आत्या शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सकाळी भाजीपाव नक्की. भोसले किंवा ताटो, तिथली पातळ भाजी, बरोबर कात्रे पाव आणि एखादी मिरची भजी, एवढं खाल्लं की दुपारपर्यंत बघायला नको. पण जेवणाचं अडतंय. एकाच टेबलावर काकांना बांगडा नि सुंगटाचं (कोळंबीचं) हुमण आणि आत्याला नीट गोव्याचं शाकाहारी जेवण, म्हणजे तोणाक, मुगागाठी, सोलकढी, असं कुठे मिळेल? नेहमीची पनीरची भाजी नकोय, ती साताऱ्यातही मिळते.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड. आत्या म्हणते गोव्यात येऊन मंगेशीला न जाता कशी जाऊ. मंगळवारी जुनं गोवा करून बाणस्तारीवरून मंगेशी, मग परत करमळी, असं बसेल का? मला भीती वाटते की सगळीकडे धावपळच होईल आणि कुठेच नीट उभं राहता येणार नाही. काय करू?

प्रतिसाद १

मंगळवारी मंगेशी अजिबात घालू नका. तुम्हीच लिहिलंय ना की ते सोमवारी सकाळी येतायत, मग दुपारी झोप झाली की सोमवारी संध्याकाळी मंगेशीला जा. सोमवारी देवाची पालखी असते, ती आत्याबाईंना बघायला मिळेल आणि दर्शनही निवांत होईल. तिथून मार्दोळची म्हाळसा अगदी जवळच आहे. इतिहास शिकवलाय म्हणता तर त्यांना हेही सांगा की मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, १५६० च्या सुमारास धर्मांतराच्या काळात लोकांनी रातोरात नदीपलीकडे हलवला. मग मंगळवारी जुन्या गोव्यातली चर्चं बघताना त्यांना दोन्ही बाजू ठाऊक असतील.

प्रतिसाद २

मी पणजीचाच, मळा भागात घर आहे. गाडीचं सोपं करा. घरच्या कोणीतरी सामान घेऊन गाडी पुलावरून आणायची आणि पाट्टोच्या बहुमजली पार्किंगला लावायची, तुम्ही आत्या-काकांना घेऊन बेतीला उतरा आणि चालत फेरीत चढा, पायी प्रवाशांना तिकीट नाही. पलीकडे उतरलात की राजवाडा समोरच, बाजूला संमोहनविद्येसाठी प्रसिद्ध गोव्याचे पाद्री आबे फारिया यांचा पुतळा. पाट्टोहून ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडला की फोंतेन्यास.

पण एक विनंती. आमच्या गल्ल्यांत लोक राहतात. पाहुणे दुसऱ्याच्या बाल्कांवावर (दारापुढच्या ओट्यावर) बसून फोटो काढतात, सकाळी सात वाजता दारासमोर ओरडत पोज देतात, म्हणून बऱ्याच घरांवर आता पाट्या लागल्यात. तुमची माणसं तशी नाहीत हे वाचूनच कळतं, तरी बरोबर कोणी पोरंटोरं असली तर सांगून ठेवा. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पोंपों करत येतो तेव्हा एखादी गरम पोई घ्या, आत्याबाईंना ती कोंड्याची पोकळ पोई नुसती चहाबरोबरही आवडेल.

चॅपेल सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी गाठा, म्हणजे दार उघडं मिळायची शक्यता जास्त. मोठ्या चर्चला खालूनच बघा, तीच खरी जागा. पायऱ्यांवर वेळ घालवण्यापेक्षा आझाद मैदानाजवळच्या मिनेझीस ब्रागांझा संस्थेत जा, आत शिरताच भिंतभर निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले, १९३५ चं काम. तिथे सावली आहे, गुडघ्यांनाही विश्रांती.

आणि दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात हे विसरू नका. तेवढ्यात जेवण उरका नि जुन्या गोव्याला निघा.

प्रतिसाद ३

तारीख नीट बघा! २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताचे नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात, ३ डिसेंबरला फेस्त. त्या दिवसांत बॉम जेझसच्या बासिलिकाजवळ गर्दी, जत्रा भरलेली, गाडी लांब लावून चालावं लागतं. म्हणून जेवण लवकर करून दीडच्या आत निघा आणि रायबंदरच्या जुन्या रस्त्याने जा, कदंब पठारावरून नको. तो पोंत द लिन्यारिश, १६३३-३४ मध्ये बांधलेला लांबलचक दगडी बांध, दोन्हीकडे खारफुटी नि मिठागरं, आत्यांना गाडीतून बसल्या बसल्या इतिहास दिसेल. सर्वांत आधी मनोऱ्याकडे जा, मग से कॅथेड्रल, शेवटी बासिलिका. चर्चमध्ये खांदे झाकलेले हवेत.

जेवणाचं म्हणाल तर पणजीतल्या जुन्या फिश थाळीच्या खानावळींत शाकाहारी थाळीही असते, फक्त आधी फोन करून त्या दिवशी भाज्या कुठल्या ते विचारा. तोणाक नि खतखतं मात्र सोमवारी घरीच करा, बाहेर तसं मिळत नाही.

धागाकर्ती

खूप खूप आभार, सगळं सुटलं! सोमवारी पालखी, मंगळवारी फेरी नि बाकी सगळं, गाडी नवरा आणेल. खतखतं आमच्या सासूबाई करणार म्हणाल्या, त्यांना आत्ताच हुरूप आलाय. फक्त एक राहिलं, काकांना रोस ऑम्लेटचं (रश्श्यातल्या ऑम्लेटचं) वेड लागलंय पण गाडे संध्याकाळी उशिरा लागतात, गाडीच्या वेळेत बसणार नाही, ते पुढच्या खेपेला. आणि मुंबईच्या मुलीसाठी बेबिंका, ती थरांची गोव्याची मिठाई, द्यावं म्हणतेय, प्रवासात टिकेल ना?

प्रतिसाद २

टिकेल, थंड झालेलं घट्ट बांधून द्या. पण बेबिंक्यात अंड्याचे बलक भरपूर असतात, तेव्हा ते मुलीसाठीच. आत्याबाईंना दोदोल घेऊन द्या, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध नि माडाचा गूळ, अंडं नाही. पेरद, म्हणजे पेरूची वडी, तीही चालेल. नवीन मार्केटमध्ये सकाळीच घ्या, दुपारी बंद मिळेल.