तीन पौंडांत मत

काही जण म्हणतात की ब्रिटनमध्ये पक्षाचा नेता साधे सदस्य निवडतात, म्हणून तिथली पक्षांतर्गत लोकशाही सरस. सरस आहेच, पण खासदारांना ती झेपत नाही. २०१५ साली मजूर पक्षात नेतेपदाच्या उमेदवारीला ३५ खासदारांच्या सह्या लागत. पक्षातल्या डाव्या गटाचे खासदार जेरेमी कॉर्बिन यांना ३६ मिळाल्या, त्याही मुदत संपता संपता. चर्चा तरी होऊ दे म्हणून काहींनी सही ठोकली होती. तीन पौंड भरून समर्थक म्हणून नाव नोंदवलं की मत देता येई. गडी ५९.५ टक्के मतं घेऊन आला! वर्षभरात १७२ खासदारांनी अविश्वास दाखवला, सदस्यांनी पुन्हा त्यांनाच बसवलं. हुजूर पक्षाने मात्र लिझ ट्रस प्रकरणात (सदस्यांनी निवडलेल्या या पंतप्रधान काही आठवड्यांतच पायउतार झाल्या) हात पोळल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये उमेदवारीला थेट १०० खासदारांच्या पाठिंब्याची अट घातली. ऋषी सुनक बिनविरोध नेते झाले, सदस्यांपर्यंत मतदान पोचलंच नाही.