‘आबाळ’ की ‘हेळसांड’?

कोथरूडकर: हडपसरच्या एका बालरोगतज्ज्ञांसाठी प्रश्नावली मराठीत करतेय. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशींना आईबाप बाळाला आणतातच. नंबर लागेपर्यंत त्यांनी भरायचा कागद. धर्ती बाल्टिमोरच्या डॉ. हॉवर्ड डुबोविट्झ यांच्या ‘सीक’ची, म्हणजे मुलांच्या घरच्या अडचणी आईबापांकडून आधीच जाणून घेणाऱ्या प्रश्नावलीची: आईला सतत उदास वाटतं का, घरात व्यसन आहे का, नवरा मारतो का, महिनाअखेर धान्य पुरतं का. हे वेळीच कळलं तर मुलाला झळ लागायच्या आत मदत करता येते. ‘चाइल्ड मालट्रीटमेंट’ला ‘बालगैरवर्तन’ आणि ‘स्क्रीनिंग’ला ‘छाननी’ धरून मथळा ‘बालगैरवर्तन प्रतिबंधासाठी कुटुंब छाननी’ चालेल?

सदाशिवपेठी: बालगैरवर्तन म्हणजे पोरं वर्गात दंगा करतात ते. छाननी निवडणुकीच्या अर्जांची. दोन्ही बाद.

अंगणवाडीताई: ‘मालट्रीटमेंट’मध्ये मारहाण आणि दुर्लक्ष दोन्ही येतं. आपल्याकडे त्याला एकच शब्द नाही, ओढूनताणून पाडूही नका. अहवालात ‘छळ, मारहाण, हेळसांड’ असं सुटं लिहा. आईच्या हातातल्या कागदावर मात्र हेळसांड नको. त्यातला ‘हेळ’ अवहेलनेचा नातलग. शिवाय हेळसांड कुणीतरी ‘करतं’, आबाळ ‘होते’. आई चार घरची धुणीभांडी करते, तान्हं पाच वर्षांच्या बहिणीवर सोपवलेलं. त्या बाळाची आबाळ होते. हेळसांड म्हटलं की बाई कागद कोरा परत देईल.

आणि ‘मुलाला मारता का?’ असं विचाराल तर ‘छे हो!’ हेच उत्तर येणार. धपाटा कुणी मारण्यात धरतच नाही. (दह्याबरोबर खायचा तो वेगळा.) ‘कधी चापट, धपाटा द्यावा लागतो का?’ असं विचारा.

सदाशिवपेठी: स्क्रीनिंगला ‘चाळणी’?

अंगणवाडीताई: चाळणीत खडे उरतात. आईबाप खडे का? ‘विचारपूस’ म्हणा.

वकीलकाका: विचारपूस फार सैल. शेजारीणही करते. इथे सगळ्यांना तेच प्रश्न ठरवून विचारायचेत. डॉक्टरांच्या नोंदीत ‘प्राथमिक चाचपणी’ लिहा. आणि लैंगिक अत्याचाराला यातला कुठलाच मवाळ शब्द लावू नका. २०१२च्या पॉक्सो कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे. तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर कागदाच्या तळाशी छापा.

कोथरूडकर: मथळा ‘घरची विचारपूस’, नोंदीत ‘चाचपणी’. ‘नवरा मारतो का’ कागदावरून काढलं. शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. ते डॉक्टर आईला आत एकटीला विचारतील.